साठ खोक्यांचं भाडं: एकाच मालाचे तीन दर का येतात

समजा, तुमच्याकडे साठ खोकी माल तयार आहे. प्रत्येक खोकं ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद, ४० उंच, आणि वजन १२ किलो. माल समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाला पाठवायचाय. तुम्ही तीन फॉरवर्डरना दर विचारता. संध्याकाळपर्यंत तिघांची उत्तरं येतात. दुसऱ्याचा दर पहिल्याच्या दीडपट, तिसऱ्याचा जवळजवळ अडीचपट. साहजिकच पहिल्याला होकार जातो.

दोन महिन्यांनी सगळी बिलं एकत्र केल्यावर कळतं, की पहिलाच सर्वांत महाग पडला. त्याने फसवलं असं नाही. त्याने फक्त बंदर ते बंदर एवढंच भाडं सांगितलं होतं. दुसऱ्याने दोन्ही बंदरांवरचे खर्च धरले होते. तिसऱ्याने तुमच्या गोदामापासून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंतचा, कस्टम्सच्या कामासकट दर दिला होता. प्रश्न एकच विचारला गेला, पण तिघांनी तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. म्हणून मालवाहतुकीत ‘काय दर?’ याच्या आधी ‘कुठून कुठपर्यंत आणि कशाकशासकट?’ हे विचारावं लागतं. पुढचा सगळा लेख म्हणजे या ‘कशाकशासकट’ची फोड आहे.

जाता जाता फॉरवर्डर म्हणजे कोण तेही सांगतो, कारण अनेकांना तोच जहाजाचा मालक वाटतो. जहाज त्याचं नसतं, विमान त्याचं नसतं, बऱ्याचदा ट्रकही त्याचा नसतो. तो जागा घाऊक घेतो, किरकोळ विकतो आणि मधले कागद सांभाळतो. चांगला फॉरवर्डर त्याच्या नफ्याच्या कितीतरी पट पैसे तुमचे वाचवतो, आणि वाईट भेटला तर त्याचा स्वस्त दर तुम्हाला परवडत नाही.

भाडं वजनाचं की जागेचं?

साठ खोक्यांचं वजन ७२० किलो. पण भाडं ७२० किलोवर लागेलच असं नाही. कापसाची गाठ आणि लोखंडाची पट्टी एकाच विमानात जाते तेव्हा कापूस वजनाने हलका असला तरी जागा खातो, आणि वाहतूकदाराला ती जागा दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. म्हणून तो दोन हिशोब करतो, खऱ्या वजनाचा आणि आकारमानाचा, आणि जो मोठा निघेल त्यावर भाडं लावतो. या आकड्याला धंद्यात चार्जेबल वेट म्हणतात.

आकारमानाचा हिशोब प्रत्येक साधनाचा वेगळा. विमानात लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६,००० ने भागायचं. आपलं एक खोकं ६० गुणिले ४० गुणिले ४० म्हणजे ९६,०००. भागिले ६,००० म्हणजे १६ किलो. काट्यावर १२ किलो भरणारं खोकं विमान कंपनीच्या लेखी १६ किलोचं आहे. साठ खोक्यांचे झाले ९६० किलो. बऱ्याच आंतरराष्ट्रीय कुरिअर कंपन्या ५,००० ने भागतात, तिथे तोच माल १,१५२ किलोचा होतो. समुद्रमार्गे सुटा माल पाठवताना १ घनमीटर आणि १ टन यांना सारखं मानतात. आपला माल ५.७६ घनमीटर आणि ०.७२ टन, तेव्हा भाडं ५.७६ वर. ट्रकच्या वाहतुकीत देशागणिक रीत बदलते; युरोपात १ घनमीटर म्हणजे ३३३ किलो हा हिशोब सर्रास चालतो.

आता एक छोटा प्रयोग. खोकं उघडून पाहिलं तर आत माल ३३ सेंटिमीटरपर्यंतच आहे, वर कागदाचे बोळे. खोक्याची उंची ४० ऐवजी ३४ केली तर विमानाच्या हिशोबाने प्रत्येक खोकं १३.६ किलोचं होतं आणि साठांचे ८१६ किलो. म्हणजे १४४ किलोंचं भाडं निव्वळ हवेसाठी जात होतं.

तेवढ्यावर गोष्ट संपत नाही. हीच खोकी पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटीवर, रचायची आहेत. १२० गुणिले ८० सेंटिमीटरच्या युरो पॅलेटवर एका थरात चार खोकी तंतोतंत बसतात. ६० गुणिले ४० हे माप मुळात त्याच हिशोबाचं आहे. प्रवासी विमानाच्या पोटात जाणाऱ्या मालाची उंची मोठ्या विमानांतही साधारण १६० सेंटिमीटरपर्यंतच चालते. पॅलेटची स्वतःची उंची सुमारे १५ सेंटिमीटर. ४० सेंटिमीटरच्या खोक्यांचे चार थर लावले तर उंची होते १७५, म्हणजे तीन थरांवर थांबावं लागतं आणि साठ खोक्यांना पाच पॅलेट लागतात. ३४ सेंटिमीटरच्या खोक्यांचे चार थर १५१ मध्ये बसतात आणि चार पॅलेटमध्ये काम होतं. खोकं ठरवणारा माणूस आणि भाडं भरणारा माणूस एकाच कचेरीत बसत असूनही एकमेकांशी बोलत नाहीत, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता त्याचं नवल वाटत नाही.

मोजणी सर्वांत फुगलेल्या जागी होते हेही ध्यानात ठेवा. ठासून भरलेल्या खोक्याची बाजू दोन सेंटिमीटर बाहेर आली तर ते दोन सेंटिमीटर धरले जातात. पॅलेटवर एकच खोकं वर काढून ठेवलं असेल, तर संपूर्ण पॅलेटची उंची त्या एकट्या खोक्याएवढी मानतात.

विमानाच्या दरात आणखी एक गंमत आहे. दर टप्प्यांनी उतरतो: ४५ किलो, १००, ३००, ५००, १,००० असे टप्पे असतात. समजा, १०० किलोच्या खाली किलोला ५ आणि १०० पासून पुढे साडेचार असा दर आहे. ९२ किलोंचे होतात ४६०, आणि १०० किलोंचे ४५०. अशा वेळी ९२ किलोचा माल १०० किलोंच्या दराने लावणं रीतसर आहे आणि चांगला फॉरवर्डर ते आपणहून करतो. टप्प्याच्या जरा अलीकडे असाल तर विचारून बघा.

डबा पूर्ण घ्यायचा की वाटून?

२६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या ट्रकवाल्याने ‘आयडियल एक्स’ नावाच्या जुन्या तेलवाहू जहाजावर ५८ डबे, म्हणजे कंटेनर, चढवून ते नेवार्कहून ह्युस्टनला पाठवले. तोवर जहाजात माल चढायचा तो एकेक पोतं, एकेक पिंप असा, माणसांच्या पाठीवरून आणि क्रेनच्या जाळीतून. जहाज समुद्रात जितके दिवस असे जवळपास तितकेच धक्क्यावर. माल डब्यात बंद करून डबाच उचलायचा, या साध्या कल्पनेने चढ-उताराचा खर्च इतका कोसळला की जगाच्या व्यापाराचा नकाशा बदलला. आज आकारमानाने पाहिलं तर जगातला ८० टक्क्यांहून जास्त व्यापार समुद्रावरून होतो.

कंटेनरची मापं डोक्यात ठेवली की निम्मे निर्णय सोपे होतात. २० फुटी डब्यात आतली जागा सुमारे ३३ घनमीटर, ४० फुटी डब्यात ६७, आणि त्याच लांबीच्या उंच डब्यात, ज्याला हाय क्यूब म्हणतात, ७६. पण हे कागदावर. खोकी, पॅलेट, कोपऱ्यातल्या फटी धरल्या तर २० फुटीत २६ ते २८ घनमीटर माल गेला तरी छान झालं म्हणायचं. डब्याची आतली रुंदी साधारण २.३५ मीटर असते. १.२ मीटरचे दोन पॅलेट शेजारी ठेवायला २.४ मीटर लागतात. त्या पाच सेंटिमीटरपायी पॅलेट आडवे-उभे फिरवून रचावे लागतात आणि तरी जागा वाया जाते.

वजनाचं मात्र उलटं आहे. दोन्ही डब्यांचं मालासकट कमाल वजन बहुतेक वेळा सारखंच, ३०,४८० किलो. ४० फुटी डबा रिकामाच जड असतो, त्यामुळे त्यात २० फुटीपेक्षा थोडा कमीच वजनाचा माल भरता येतो! म्हणून फरशा, दगड, लोखंड २० फुटीत जातं आणि फर्निचर, प्लॅस्टिकच्या वस्तू, कपडे ४० फुटीत. शिवाय दोन्ही टोकांना रस्त्यावरच्या वजनाच्या मर्यादा असतात, त्या अनेकदा डब्याच्या मर्यादेपेक्षा कमी असतात. ४० फुटी डब्याचं भाडं २० फुटीच्या दुप्पट कधीच नसतं असं म्हणत नाही, पण सहसा नसतं. तेव्हा हलका माल दोन छोट्या डब्यांत घालण्याआधी एका मोठ्याचा दर घ्यावा.

पूर्ण डबा आपला घेतला तर त्याला एफसीएल म्हणतात. डबा तुमच्या दारी येतो, तुम्ही भरता, सील लावता, आणि पलीकडे गिऱ्हाईक ते सील तोडतं. मध्ये मालाला कुणाचा हात लागत नाही. जागा वाटून घेतली तर एलसीएल. त्यात तुमचा माल आधी एका गोदामात जातो, तिथे इतर दहाजणांच्या मालाबरोबर डब्यात रचला जातो, पलीकडे पुन्हा गोदामात उतरतो, तिथे वेगळा काढला जातो आणि मग तुमच्या गिऱ्हाइकाला मिळतो. हाताळणी वाढते, दिवस वाढतात आणि त्या दहाजणांपैकी एकाचे कागद कस्टम्समध्ये अडकले तर आख्खा डबा थांबू शकतो. आपली साठ खोकी ५.७६ घनमीटर, म्हणजे एलसीएलचाच माल. १३ ते १५ घनमीटरच्या आसपास गेलात की पूर्ण २० फुटी डब्याचा दरही मागवायचा, हा धंद्यातला ठोकताळा. डबा अर्धा रिकामा गेला तरी तो स्वस्त पडू शकतो.

एलसीएलमधला एक सापळा जरा सविस्तर सांगायला हवा, कारण नवखी मंडळी हमखास त्यात पाय घालतात. समजा, या वेळी तुम्ही माल मागवणारे आहात आणि समुद्रभाडं विकणाऱ्याने भरायचं ठरलंय. तो आपल्या बाजूच्या फॉरवर्डरकडून अविश्वसनीय स्वस्त दर मिळवतो. कधीकधी भाडं शून्य, कधी चक्क त्यालाच वर पैसे मिळतात. जहाज काही फुकट चालत नाही. तो खर्च पलीकडच्या गोदामात उतराई, कागद सोडवणं, हाताळणी, प्रशासकीय शुल्क अशा नावांनी माल सोडवणाऱ्याकडून वसूल होतो. माल तोवर त्यांच्या ताब्यात असतो, घासाघीस करायला तुमच्या हातात काही उरत नाही. यावर उपाय एकच. माल निघायच्या आधी, उतरण्याच्या बंदरावरचे सगळे खर्च घनमीटरमागे किती, हे लेखी घ्यायचं. तेवढं लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो त्याचं भाडं शून्य असलं तरी महागच.

विमान कधी परवडतं

विमानाने जाणारा माल जगाच्या व्यापारात आकारमानाने एक टक्क्याहूनही कमी, पण किमतीने सुमारे एक तृतीयांश आहे. या दोन आकड्यांतच उत्तर आहे. किलोमागे किंमत जास्त असेल, माल नाशिवंत असेल किंवा तो नसल्याने कुणाचा कारखाना बंद पडत असेल, तर विमान.

पण ‘विमान महाग’ म्हणून सोडून देण्याआधी वेळेची किंमत काढावी. माल दहा लाखांचा आहे, पैसा वर्षाला १२ टक्क्यांनी वापरताय आणि जहाजाला विमानापेक्षा तीस दिवस जास्त लागतात. तीस दिवसांचं व्याज साधारण एक टक्का, म्हणजे दहा हजार. भाड्यातला फरक याहून फार मोठा असेल तर जहाज बरं. मात्र हंगामी माल असेल तर तीस दिवस उशिरा पोचलेला माल निम्म्या भावात काढावा लागतो, आणि ते नुकसान व्याजाच्या हिशोबात दिसत नाही.

मधले मार्गही असतात. काही माल अर्धा प्रवास जहाजाने आणि अर्धा विमानाने करतो. चीन आणि युरोपच्या दरम्यान रेल्वेने डबे जातात. जहाजाच्या जवळपास निम्म्या दिवसांत, विमानापेक्षा पुष्कळ स्वस्तात. वाटेत जुन्या सोव्हिएत देशांच्या रुळांची रुंदी १,५२० मिलिमीटर आणि बाकीकडे १,४३५, म्हणून सीमेवर डबे एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर उचलून ठेवतात. आणि माझ्या मते सर्वांत कमी वापरला जाणारा पर्याय म्हणजे माल फोडणं. साठांतली दहा खोकी विमानाने पाठवा, दुकान चालू राहील, उरलेली पन्नास निवांत जहाजाने येऊ देत.

बॅटरी, अत्तर, रंग, स्प्रे असं काही असेल तर आधीच सांगा. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून प्रवासी विमानातून न्यायला १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. लपवून पाठवलेला असा माल विमानतळावर सापडला तर दंडाचं सोडा, जिवाशी खेळ होतो.

दरपत्रकातल्या ओळी

मूळ भाड्याखाली दहा-बारा ओळी असतात. टीएचसी म्हणजे बंदरावर डबा उचलण्या-ठेवण्याचा खर्च, तो दोन्ही टोकांना वेगवेगळा लागतो. बीएएफ म्हणजे इंधनाचा अधिभार. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची कमाल मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली तेव्हा या ओळीचं वजन एकदम वाढलं. पीक सीझन सरचार्ज गर्दीच्या महिन्यांत लागतो. कागदाचं शुल्क, सीलचं शुल्क, आणि वजन पडताळणीचं शुल्क. ही शेवटची गोष्ट १ जुलै २०१६ पासून सक्तीची झाली: भरलेल्या डब्याचं पडताळलेलं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवत नाहीत.

प्रत्येक ओळीवर वाद घालण्यात अर्थ नसतो. एकूण किती आणि त्यातलं पुढे काय बदलू शकतं, हे दोनच प्रश्न विचारा.

बदलतं ते फार बदलतं. ड्रयूरी या सल्लागार संस्थेचा कंटेनर भाड्याचा निर्देशांक सप्टेंबर २०२१ मध्ये ४० फुटी डब्यामागे १०,००० डॉलरच्या वर होता. २०२३ च्या शेवटच्या महिन्यांत तो १,५०० डॉलरच्या खाली आला. लगेचच तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि भाडं पुन्हा उसळलं. अशा बाजारात मागच्या तिमाहीचा दर धरून गिऱ्हाइकाला भाव दिला तर नफा गेलाच म्हणून समजा. दरपत्रकावर ‘अमुक तारखेपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं. ती तारीख माल तयार होण्याची आहे, जहाज सुटण्याची की आणखी कशाची, हे विचारून घ्या.

जातानाचं भाडं आणि येतानाचं भाडं एकसारखं नसतं, याचंही अनेकांना आश्चर्य वाटतं. ज्या दिशेने माल जास्त जातो तिकडे भाडं चढं, उलट दिशेला रिकामे डबे परत न्यायचेच असतात म्हणून उतरतं. ट्रकचंही तसंच. परतीचा माल मिळणाऱ्या मार्गावर ट्रकवाला खुशीने येतो, न मिळणाऱ्या ठिकाणी परतीचं डिझेलही तुमच्याच भाड्यात धरतो.

कुणाची जबाबदारी कुठे संपते

विकणारा आणि घेणारा यांच्यात खर्च आणि धोका कुठे हस्तांतरित होतो, हे तीन अक्षरांत सांगणाऱ्या अटी आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने, म्हणजे आयसीसीने, १९३६ मध्ये पहिल्यांदा छापल्या. त्यांना इन्कोटर्म्स म्हणतात. सध्याची आवृत्ती २०२० ची, त्यात अकरा अटी आहेत. अकराही पाठ करायची गरज नाही.

ईएक्सडब्ल्यू म्हणजे विकणाऱ्याच्या दारातून पुढचं सगळं घेणाऱ्याचं, अगदी ट्रकमध्ये चढवणंसुद्धा. एफओबी म्हणजे जहाजावर माल चढेपर्यंत विकणाऱ्याचं. कंटेनरच्या मालाला खरं तर एफसीए, म्हणजे माल ठरल्या जागी वाहतूकदाराच्या हवाली करेपर्यंत विकणाऱ्याचं, ही अट जास्त योग्य, कारण डबा बंदराच्या फाटकातच सुपूर्द होतो आणि जहाजावर चढेपर्यंत काही दिवस तिथे पडून असतो. त्या दिवसांत काही झालं तर एफओबीत धोका विकणाऱ्याच्या गळ्यात असतो, माल मात्र त्याच्या हातात नसतो. तरी सवयीने सगळे एफओबीच लिहितात. डीडीपी म्हणजे गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत, आयात कर भरून, सगळं विकणाऱ्याचं. परक्या देशातला कर तुम्हाला भरता येतो का, हे तपासल्याशिवाय ही अट कबूल करू नका.

सर्वांत जास्त गैरसमज सीआयएफबद्दल. विकणारा भाडं आणि विमा भरतो म्हणून लोकांना वाटतं माल पोचेपर्यंत जबाबदारी त्याची. तसं नाही. माल निघण्याच्या बंदरात जहाजावर चढला की धोका घेणाऱ्याकडे जातो. पैसे एकाने भरले, भर समुद्रातला धोका दुसऱ्याचा. आणि सीआयएफमध्ये विकणाऱ्याने घ्यायचा विमा किमान संरक्षणाचा, ‘सी’ कलमांचा असला तरी चालतो. त्यात साधी चोरी येत नाही.

भाड्याचा आणि कराचाही संबंध आहे. पुष्कळ देश आयात कर मालाच्या किमतीवर भाडं आणि विमा मिळवून लावतात. तिथे विमानाने माल आणलात तर जास्तीच्या भाड्यावर करही जास्त बसतो. अमेरिकेसारख्या काही देशांत आंतरराष्ट्रीय भाडं त्या किमतीतून वगळतात.

माल पोचला, घड्याळ सुरू

जहाजातून डबा उतरला की काही दिवस फुकट मिळतात. ते संपले की दोन वेगळी मीटर चालू होतात. भरलेला डबा बंदरात पडून राहिला तर डेमरेज. डबा बाहेर नेला पण रिकामा करून वेळेत परत दिला नाही तर डिटेन्शन. यावर बंदराचं जागाभाडं निराळं. आणि दर दिवसागणिक चढत जातो, पहिल्या आठवड्यापेक्षा दुसऱ्या आठवड्याचा दिवस महाग.

मी पाहिलेल्या एका डब्यात गोंधळ झाला तो घेणाऱ्याच्या नावातल्या एका अक्षरामुळे. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल घेतल्याच्या वाहतूकदाराच्या कागदावर, एक नाव, कस्टम्सच्या कागदावर जरा वेगळं. दुरुस्तीपत्र, त्याचं शुल्क, मध्ये दोन सुट्ट्या, आणि डेमरेज भाड्याच्या पुढे निघून गेलं. माल तसाच, भाडं तेच, फक्त एक अक्षर. म्हणून बिलाचा मसुदा येतो तेव्हा तो दोघांनी वाचावा, त्यातल्या एकाने मोठ्याने.

बिल ऑफ लेडिंग हा कागद पावतीही आहे, करारही आणि मालाच्या मालकीचा दस्तऐवजही. साधारणपणे तीन मूळ प्रती निघतात आणि त्यातली एक दाखवल्याशिवाय माल मिळत नाही. जवळच्या बंदरासाठी जहाज आधी आणि टपाल मागून, असं होतं. पैसे मिळालेले असतील किंवा गिऱ्हाईक विश्वासाचं असेल तर टेलेक्स रिलीज किंवा सी वेबिल मागावं, मूळ प्रत पाठवायची भानगड राहत नाही. फुकट दिवस वाढवून हवे असतील तर बुकिंगच्या आधी मागा. नंतर कुणी देत नाही.

लाकडी पॅलेटवर गव्हाच्या कणसासारखी खूण आणि ‘एचटी’ हा शिक्का आहे का, तेही बघा. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंशांची उष्णता सलग ३० मिनिटं दिल्याची ती खूण असते. ती नसेल तर लाकडातल्या किड्यांच्या भीतीने आख्खा माल अडवतात.

विमा, आणि ‘६० खोकी’ हे दोन शब्द

‘जहाज कंपनीने माल बुडवला तर ती भरून देईलच ना?’ देईल, पण किती ते ऐका. हेग-व्हिस्बी हे समुद्री मालवाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम जिथे लागू आहेत तिथे वाहतूकदाराची कमाल जबाबदारी नगामागे ६६६.६७ एसडीआर किंवा किलोमागे २ एसडीआर, यांतली मोठी रक्कम. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक आहे, डॉलरहून थोडं जास्त किमतीचं. आता आपला माल घ्या. बिल ऑफ लेडिंगवर ‘४ पॅलेट’ लिहिलं तर नग चार, मर्यादा सुमारे २,६६७ एसडीआर. ‘४ पॅलेट, त्यांवर ६० खोकी’ असं लिहिलं तर नग साठ, मर्यादा ४०,००० एसडीआर. माल तोच, जहाज तेच. हे दोन शब्द लिहायला पैसे पडत नाहीत.

तरीही विमा हवाच, कारण त्याच नियमांत जहाज चालवण्यातली खलाशांची चूक आणि बहुतेक वेळा आग, यांतून वाहतूकदाराला सूट आहे. विमा मालाची किंमत, विमा आणि भाडं यांच्या बेरजेच्या ११० टक्क्यांचा घ्यायची रीत आहे, आणि शक्यतो ‘ए’ कलमांचा, म्हणजे सर्वांत व्यापक संरक्षणाचा.

विम्याचं दुसरं कारण फार थोड्यांना ठाऊक असतं. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं अडकलं. सुटका झाल्यावर मालकाने जनरल अॅव्हरेज जाहीर केलं. जहाज आणि माल वाचवायला जो खर्च झाला तो जहाजमालकाने आणि सगळ्या मालवाल्यांनी आपापल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा, असा हा समुद्रावरचा फार जुना कायदा. ज्यांच्या खोक्यांना ओरखडासुद्धा आला नव्हता त्यांनाही हमी दिल्याशिवाय माल मिळणार नव्हता. विमा असणाऱ्यांची हमी विमा कंपनी देते. नसणाऱ्यांना रोख अनामत ठेवावी लागते.

तर आता त्या तीन फॉरवर्डरना पुन्हा लिहायचं झालं तर मी असं लिहीन:

‘६० खोकी, प्रत्येकी ६० × ४० × ३४ सेंटिमीटर, १२ किलो. धोकादायक माल नाही. पॅलेटवर रचून, उंची १५१ सेंटिमीटर. उचलण्याचा पत्ता आणि पोचवण्याचा पत्ता सोबत. विक्रीची अट सोबत लिहिली आहे. एलसीएल आणि विमान, दोन्हींचे दर वेगळे द्यावेत. दोन्ही टोकांचे सर्व खर्च, पलीकडच्या गोदामाचे घनमीटरमागचे शुल्क धरून, ओळवार लिहावेत. काय धरलेलं नाही तेही लिहावं. दर कोणत्या तारखेपर्यंत आणि कशाच्या तारखेवर वैध, पलीकडच्या गोदामात फुकट दिवस किती, आणि गोदामातून निघून गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत एकूण दिवस किती, हेही कळवावं.’

उत्तरं येईपर्यंत टेप घेऊन एक खोकं परत मोजायचं. रिकामं नव्हे, भरलेलं, चिकटपट्टी लावलेलं, बाजूच्या फुगवट्यासकट.